पुराआधीचं पुणं

पुण्याच्या पेठांमधली जुनी माणसं आठवणी सांगायला बसली की काळाची वाटणी एकाच ठिकाणी करतात. अमुक भाडेकरू पुराच्या आधीपासूनचे, तमुक दुकान पुरानंतरचं, थोरलीचं लग्न पुराच्या आदल्या वर्षी. कुठला पूर, हे विचारायची गरज पडत नाही. मुठेला त्याआधी पूर आले होते आणि नंतरही आले. पण पेठेतल्या बोलण्यात पूर म्हटलं की तो बुधवार, १२ जुलै १९६१चाच.

त्या दिवसाची हकिगत अनेकांनी लिहिली आहे. मला त्यापेक्षा जास्त ओढ आहे ती त्या दिवशी जे शहर पाण्याखाली गेलं त्याची, आणि पाणी ओसरल्यावर जे उभं राहिलं त्याची. जुन्या पुण्याबद्दल आज जो गहिवर दाटून येतो, तो वाड्यांचा असतो. चौक, ओसरी, तुळशीवृंदावन, एका हाकेला धावून येणारा शेजार. हा गहिवर खोटा नाही. पण वाडे का गेले, हा प्रश्न नीट विचारला तर उत्तर म्हणून नुसता पूर पुढे करून भागत नाही, आणि बिल्डरचं नाव घेऊनही भागत नाही.

१९६१ साली पुण्याची वस्ती सहा लाखांच्या आसपास होती आणि त्यातली फार मोठी संख्या पेठांत कोंबलेली होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी नदी केव्हाच ओलांडली होती. १८९७च्या प्लेगाने पेठेतल्या माणसांना मोकळ्या माळावर झोपड्या घालून राहायला लावलं होतं. पुढे डेक्कन जिमखान्यावर सहकारी तत्त्वावर बंगल्यांची वसाहत झाली, तेव्हा वकील, प्राध्यापक, डॉक्टर मंडळी तिकडे गेली. मागे उरलेल्या वाड्यांतून मग एकेका खोलीत, दोन खोल्यांत बिऱ्हाडं भरत गेली. पेशवाईत एका सरदाराच्या किंवा सावकाराच्या कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं हे चित्र नारायण, शनिवार, सदाशिव पेठेत सर्रास दिसे. सोप्यात एक, माडीवर तीन, पूर्वी जिथे घोडी बांधत तिथे फळ्या ठोकून आणखी एक.

भाडं नाममात्र होतं, आणि ते तसंच राहणार होतं. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४०चं भाडं हे प्रमाण धरलं. युद्धाच्या महागाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो रास्त होता. पण पंधरा-वीस वर्षं भाडं जागच्या जागी थांबलं आणि चुना, लाकूड, मजुरी यांचे भाव चढत राहिले, तेव्हा मालकाने डागडुजी करणं सोडून दिलं. महिन्याला पाच-सात रुपये देणाऱ्या दहा बिऱ्हाडांच्या जमेतून सागवानी तुळई बदलता येत नाही. पावसाळ्यात माडी गळे, भाडेकरू घमेली मांडत, मालकाशी भांडत, मालक हात वर करी. भाडेकरूलाही घर सोडवत नसे, कारण त्या भाड्यात दुसरं घर मिळणं अशक्य होतं. मालक आणि भाडेकरू एकाच चौकात राहून वर्षानुवर्षं कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहत आणि संध्याकाळी एकाच नळावर पाणी भरत. या कोंडीत वाडा आतून पोखरत गेला. पुराच्या कितीतरी आधी.

तरीही या कोंडीत एक जगणं तयार झालं होतं, आणि ज्याची आठवण लोक आजही काढतात ते हेच जगणं. पाणी पहाटे येई. नळ एक, बायका अनेक. त्यामुळे बादल्या, कळश्या, हंडे रात्रीच रांगेला लागत आणि कुणाचा हंडा कुठला हे सगळ्यांना पाठ असे. रांगेतला हंडा पुढे सरकवण्यावरून जुंपे, आणि त्याच रांगेत कुणाच्या घरी पाहुणे येणार, कुणाचा पगार झाला नाही, कुणाची मुलगी दाखवायची आहे, हे कळे. डाळ-तांदूळ उसने घेण्यात लाज नव्हती, कारण आज घेणारी उद्या देणारी असे. आजारी माणसाच्या उशाशी रात्रभर कुणी ना कुणी बसे. मूल एका घरात जेवे, दुसऱ्या घरात अभ्यास करी, तिसऱ्या घरात झोपून जाई.

गरीब मुलांच्या शिक्षणाचा भारही या पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलला. खेड्यातून शिकायला आलेला मुलगा सात घरी सात वार लावून जेवे. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलं झोळी घेऊन माधुकरी मागायला पेठांतून फिरत. ही माधुकरी घालणारी घरं काही श्रीमंत नव्हती. स्वतःच्या पोरांना दुधात पाणी घालून देणारी बाई दाराशी आलेल्या मुलाला पोळी-भाजी घाली, कारण शिकणारं पोर उपाशी राहता कामा नये हा त्या घरांचा नेम होता. मला जुन्या पुण्यातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

पण याच्या पोटात दुसरं काही होतं, तेही त्याच ठाम स्वरात सांगायला हवं. वाड्यात कुणालाही एकांत नव्हता. नवं जोडपं आणि सासू-सासरे यांच्यामध्ये एक लुगड्याचा पडदा. बाई बाहेरची झाली की ती कोपऱ्यात बसलेली सगळ्या चौकाला दिसे. विधवेने कोणाशी हसून बोललं तर संध्याकाळच्या आत ते सगळ्यांच्या तोंडी होई. संडास वाड्याच्या मागच्या अंगाला, टोपलीचे. आणि ती टोपली उचलणारी माणसं मागच्या बोळातून येत आणि तिथूनच जात. ज्या चौकातल्या आपलेपणाचे गोडवे गायले जातात, त्या चौकात त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. वार लावून जेवायलाही जात आडवी येई. वाड्यातला शेजार कुणाकुणाचा होता, हे विचारल्याशिवाय त्याची महती सांगता येत नाही.

तर असं हे शहर. जड लाकडाचं, पांढऱ्या मातीचं, माणसांनी तुडुंब भरलेलं.

पानशेतचं धरण मुठेच्या खोऱ्यात, आंबी नदीवर बांधलं जात होतं. मातीचं धरण. बांधकाम पुरं व्हायचं होतं, पाणी सोडण्याच्या नळमार्गाचं आणि त्याच्या दारांचं काम अपुरं होतं. तरी त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू दिलं गेलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घाटमाथ्यावर पाऊस कोसळत राहिला. बांध खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांना बोलावलं गेलं. भर पावसात, अंधारात, रात्रभर ते वाळूची पोती रचत होते. पुण्याला जो थोडाफार उसंतीचा वेळ मिळाला तो या जवानांमुळे, असं त्या काळचे लोक कृतज्ञतेने सांगतात. रात्रीऐवजी दिवसाउजेडी पाणी आलं, म्हणून हजारो जीव वाचले.

सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आलं. खडकवासल्याचं धरण दगडी, एकोणिसाव्या शतकातलं, इंग्रज अभियंत्यांनी बांधलेलं; शहराला पाणी तिथूनच येई. ते पाणी भिंतीवरून उसळून वाहू लागलं, नदी फुगत गेली, आणि दुपारी ती दगडी भिंतही कोसळली. मुठा शहरात शिरली. लकडी पूल पाण्याखाली गेला. ओंकारेश्वर बुडाला. नारायण, शनिवार, कसबा, मंगळवार, सोमवार या पेठांचे नदीकाठ, पलीकडे डेक्कन, पुलाची वाडी, शिवाजीनगर. लोक गच्च्यांवर, मग कौलांवर, मग पर्वतीच्या वाटेला.

वाडे पाण्याने वाहून गेले, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात बरेचसे वाडे वाहून गेले नाहीत, ते विरघळले. पेशवाई वाड्याचं जोतं घडीव दगडाचं असतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, आणि खांबांच्या मधल्या भिंती विटा आणि पांढऱ्या मातीच्या. वरच्या मजल्यांत तर मातीच अधिक. ही भिंत उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार असते, दीडशे वर्षं उभी राहते, पण तिला तासन्‌तास पाण्यात उभं राहायची सवय नाही. पाणी आत मुरलं, माती फुगली आणि ओघळून खाली बसली. पाणी ओसरल्यावर अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा तसाच उभा होता आणि मधली घरं नाहीशी झाली होती. काही वाडे पुरात तगले आणि पुढच्या आठवड्यात ऊन पडल्यावर, भिंती वाळू लागल्यावर कोसळले. ज्यांची डागडुजी वर्षानुवर्षं झाली नव्हती ते आधी गेले. भाडेकायद्याने जे सुरू केलं होतं ते पाण्याने एका दिवसात पुरं केलं.

संध्याकाळनंतर पाणी उतरू लागलं आणि मागे गाळ राहिला. गुडघाभर, काही ठिकाणी त्याहून जास्त. त्या गाळात धान्य, पुस्तकं, लग्नातले शालू, मेलेली जनावरं, कुणाकुणाच्या पोथ्या आणि हिशेबाच्या वह्या. त्या काळी भांड्यांवर नावं कोरून घ्यायची पद्धत होती. लग्नात आलेल्या घंगाळावर, पातेल्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, तारीख. कुठल्या तरी भलत्याच गल्लीत, कुणा भलत्याच्या चौकात गाळातून वर आलेलं पातेलं धुऊन पाहायचं आणि नावावरून घर शोधायचं. घर नसलं तर माणूस शोधायचा.

सगळं शहर पाण्याने उद्ध्वस्त झालं आणि दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं. खडकवासलाच गेल्यावर नळाला येणार काय? ज्या वाड्यांतले आड नळ आल्यापासून पडून होते, कचऱ्याने भरत चालले होते, त्यांवर पुन्हा पोहरे पडले. जे वाडे उंचावर होते आणि वाचले होते, त्यांचे दिंडी दरवाजे उघडे राहिले. शाळा, देवळं, मंगल कार्यालयं भरली. घराघरातून भाकरी-पोळ्या गोळा झाल्या, आणि माधुकरीची सवय असलेल्या शहराला हे करताना फार विचार करावा लागला नाही. पाणी पुन्हा आलं अशी आवई उठली आणि लोक लेकरं काखोटीला मारून पर्वतीकडे धावत सुटले, ही आठवणही बहुतेक घरांत सांगितली जाते. भीती कितीतरी दिवस अंगात राहिली. त्याच वेळी माणसं परक्यांना घरात घेत होती. जुन्या पेठेची जी काही पुण्याई होती ती त्या आठ-पंधरा दिवसांत तिने पुरेपूर वापरली, असं मला वाटतं.

महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. पुनर्वसनासाठी स. गो. बर्वे यांना पाठवलं गेलं. आय.सी.एस. अधिकारी, १९५० साली महापालिका झाली तेव्हाचे पहिले आयुक्त, त्यामुळे शहराची गल्ली न् गल्ली माहीत. कामाचा झपाटा असा की पुणेकरांनी पुढे त्यांचं नाव चौकाला दिलं. पत्र्याच्या अर्धगोल निसन हट उभ्या राहिल्या. नुसते ओटे बांधून त्यावर लोकांनी आपापली घरं उभी करायची, अशीही योजना झाली. गोखलेनगर, सहकारनगर ही नावं पुण्याच्या नकाशावर या धामधुमीत आली. पूरग्रस्तांनी मिळून शंभराच्या आसपास गृहसंस्था स्थापन केल्या आणि सरकारने त्यांना जमिनी दिल्या.

इथे शहराची वाट खऱ्या अर्थाने बदलली. पेठेतला भाडेकरू, ज्याला जन्मभर स्वतःचं घर होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, तो एकदम पर्वतीच्या पलीकडे दीड-दोन हजार चौरस फुटांच्या तुकड्यावर उभा राहिला. जागा लांब होती. रस्ता धड नव्हता, दिवा नव्हता, साप-विंचू भरपूर. नोकरी मात्र पेठेत किंवा कँपात. सायकलींचं म्हणून ओळखलं जाणारं पुणं सायकलवर आणखी लांब जाऊ लागलं. आणि सायकलवर भागेना तेव्हा स्कूटर. त्याच सुमाराला आकुर्डीला बजाजचा कारखाना सुरू झाला होता, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतीच, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, मागोमाग टेल्को आली. कारकून आणि मास्तरांचं शहर कामगारांचं आणि इंजिनियरांचंही होऊ लागलं. १९७२ साली लुना आली आणि बायकांना पीएमटीच्या बसची वाट पाहत तासभर उभं राहण्यापासून सुटका मिळाली.

पेठेत काय झालं? पडलेल्या वाड्याच्या जागी मालकाने पुन्हा वाडा बांधला नाही. कशाला बांधेल? १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला, १९७०ला अपार्टमेंटचा. आता घर भाड्याने द्यायचं नाही, विकायचं. वाड्याच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या. चौक गेला, कारण चौक विकता येत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला आतला नळ, आतला संडास, आतून लावता येईल असं दार. वाड्याच्या आठवणींनी आज ज्यांचे डोळे भरून येतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयांनी हे दार पहिल्यांदा लावलं तेव्हा समाधानाचा श्वास सोडला होता. आई-वडिलांच्या तोंडून हे मी अनेक घरांत ऐकलेलं आहे. बाप वाड्याबद्दल बोलतो, आई नळाबद्दल.

म्हणूनच ‘फ्लॅटने माणसं तोडली’ हे सरधोपट वाक्य मला पटत नाही. माणसांना तोडून हवं होतं. निदान थोडं. पहाटेच्या रांगेतून, चौकातल्या नजरांतून, मालकाच्या टोमण्यांतून. त्या तुटण्याची किंमत किती असेल याचा अंदाज मात्र कुणाला आला नाही, आणि ती नंतर, फार हळू वसूल झाली. म्हाताऱ्या माणसाला रात्री बरं वाटेनासं झालं तर शेजारचं दार वाजवायला संकोच वाटू लागला. मुलांना दुसऱ्याच्या घरी जेवायला थांबू देताना आधी फोन करावा लागू लागला. वार लावून जेवणं तर पुराआधीच ओसरत चाललं होतं. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, आणि तिथे जात न विचारता ताटं वाढली गेली. हा बदल चांगलाच होता, त्या मुलाला आता सात घरच्या सात स्वभावांपुढे मान खाली घालावी लागत नव्हती. पण त्याच वेळी त्या सात घरांचा त्या मुलाशी असलेला संबंधही संपला. मदत संस्थेकडे गेली, घर मोकळं झालं, आणि मोकळ्या घराला कुणाचंच काही माहीत नाही अशी वेळ पुढच्या पिढीत आली.

नदीकाठच्या माणसांचं काय झालं, हे जुन्या पुण्याच्या आठवणींत फारसं येत नाही. पाणी सगळ्यांत आधी शिरलं ते कुंभारवाड्यात, पुलाच्या वाडीत, काठावरच्या झोपड्यांत. त्यांच्याकडे ना सागवानी तुळया होत्या, ना नाव कोरलेली घंगाळं. सहकारी गृहसंस्था काढायला ओळखी लागतात, अर्ज लिहिता यावे लागतात, भागभांडवल लागतं. ते जमलेले प्लॉटवर गेले. ज्यांना जमलं नाही ते निसन हटमध्ये आणि ओट्यांवर राहिले. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या त्या जागांत लोकांनी तीन-तीन पिढ्या काढल्या. जागा नावावर व्हावी म्हणून सरकारदरबारी खेटे घालण्यात पूरग्रस्तांच्या संस्थांची कित्येक दशकं गेली. पण याच ओट्यांवर एक गोष्ट घडली जी वाड्यांत घडली नव्हती. शेजारी कोण असावा हे मालकाने ठरवलं नव्हतं, ते बऱ्याच अंशी वाटपाने ठरलं होतं. पेठेत ज्यांनी एकमेकांच्या हातचं पाणी घेतलं नसतं अशी घरं भिंतीला भिंत लावून राहिली, एका सार्वजनिक नळावर भांडली आणि एका गणपतीपुढे नाचली. पेठेतला शेजार संपला असं आपण म्हणतो, तेव्हा तो गोखलेनगरच्या ओट्यांवर नव्याने सुरू झाला होता, आणि आधीपेक्षा रुंद होता. पुण्याच्या सामाजिक इतिहासातलं हे पान मला वाड्यांच्या पानाइतकंच मोलाचं वाटतं, पण त्यावर फार कमी लिहिलं गेलंय.

आता त्या वसाहतींचीही पाळी आली आहे. सहकारनगरच्या अंगणवाल्या बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती उठताहेत, आणि तिथे वाढलेली माणसं कढीपत्त्याच्या झाडाबद्दल, कुंपणावरून चालणाऱ्या गप्पांबद्दल त्याच सुरात बोलू लागली आहेत ज्या सुरात त्यांचे वडील नारायण पेठेतल्या चौकाबद्दल बोलत. पेठांत जे वाडे उरलेत त्यांतले बरेच मालक-भाडेकरूंच्या जुन्या दाव्यांत अडकून पडत चालले आहेत. त्यांची मोजमापं घेणारे, छायाचित्रं काढणारे अभ्यासू तरुण वास्तुविशारद आहेत, ही समाधानाची गोष्ट. ओट्यांची मोजमापं कुणी घेत नाही. १९६१ साली विशी-पंचविशीत असलेल्या ज्या बायकांनी गाळातून संसार उपसून त्या उघड्या ओट्यावर पहिली चूल मांडली, त्या आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या आहेत. पाणी कुठून आणलं, पहिल्या पावसाळ्यात छप्पर कशाचं केलं, शेजारणीशी पहिलं बोलणं कोणतं झालं, कुणाच्या लग्नात कोण पहिल्यांदा कुणाच्या पंगतीला बसलं, हे सगळं अजून त्यांच्यापाशी आहे. महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी मुलांना ध्वनिमुद्रक देऊन गोखलेनगरला पाठवावं, आणि ते येत्या वर्षा-दोन वर्षांत पाठवावं.